पंधरा कप आणि एक कप

आईनं जेवायला हाक मारली म्हणून एक मुलगा धावत आला आणि त्यानं दार ढकललं. दारामागच्या खुर्चीवर कपांचा ट्रे ठेवला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. पंधराच्या पंधरा कप फुटले. दुसऱ्या एका मुलानं आई घरात नाही असं बघून फडताळातला मुरांबा खायचा बेत केला. खुर्चीवर चढला, हात पुरेना, चाचपडताना धक्का लागला आणि एक कप खाली पडून फुटला. या दोघांत जास्त वाईट कोण वागलं?

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी तिकडच्या मुलांना असे प्रश्न विचारले आणि मुलांच्या नीतीविचारावर १९३२ साली पुस्तक लिहिलं. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं पुष्कळदा पंधरा कपवाल्याला जास्त दोषी ठरवत. नऊ-दहा वर्षांची मुलं मुरांब्यावर डोळा ठेवणाऱ्याकडे बोट दाखवत. मूल आधी नुकसान मोजतं आणि हेतू ओळखायला नंतर शिकतं, असं पियाजे यांनी त्यातून मांडलं.

मी हाच प्रश्न आमच्या मिरजेच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांना विचारला. माझी भाची साडेपाच वर्षांची. ती लगेच म्हणाली, "पंधरावाला. त्याला खूप ओरडा बसणार." तिसऱ्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा उसळला, "ए, पण त्याला माहीत होतं का ट्रे आहे ते? दुसरा तर चोरत होता!" भाची विचारात पडली. मग तिनं विचारलं, "म्हणजे त्याला ओरडणार नाहीत?" त्यावर तो म्हणाला, "ओरडतील. पण ओरडायला नको."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. नऊ वर्षांच्या मुलानं दोन गोष्टी किती सहज वेगळ्या केल्या होत्या! मोठी माणसं काय करतील हे एक, आणि त्यांनी काय करायला हवं हे दुसरं. माझी भाची अजून पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देत होती. मी विचारलं होतं वाईट कोण, तिनं सांगितलं होतं ओरडा कोणाला बसेल. तिच्या घरच्या अनुभवाप्रमाणे ते उत्तर अगदी बरोबर होतं. पंधरा कप फुटले तर कुठल्याही घरात जो गहजब होतो, तो चोरून खाल्लेल्या चमचाभर मुरांब्यासाठी होत नाही.

पियाजे यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवलं की गोष्ट सांगताना हेतू ठळक केला, तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात. म्हणजे समज असते. मग पंधरा कपांचं पारडं एवढं जड का होतं? मला वाटतं, ते जड आम्ही मोठी माणसं करतो. काय चांगलं, काय वाईट, हे आम्ही मुलांना तोंडानं सांगतो, पण कुठलं वाईट किती वाईट हे त्यांना आमच्या आवाजावरून कळतं. आम्ही कशावर ओरडतो, कशावर नुसती भुवई उडवतो, कशाकडे काणाडोळा करतो, याची ती रोज नोंद घेत असतात. त्या नोंदीशी आमचे शब्द जुळले नाहीत, तर ती नोंदीवर विश्वास ठेवतात.

एका सकाळी घरात मुलांना काय काय सांगितलं जातं ते मी एकदा लक्ष देऊन ऐकलं. उष्ट्या हातानं वाढून घेऊ नकोस. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार कर. ताईला चिमटा काढू नकोस. उंबऱ्यावर बसू नकोस. खोटं बोलू नकोस. पाहुण्यांसमोर नाकात बोट घालू नकोस. सगळं एकाच पट्टीत, एकाच घाईत, एकाच 'करू नये'च्या खाली. यातल्या कित्येक गोष्टी मलाही प्रिय आहेत. पुस्तकाला पाय लागला तर हात आपोआप कपाळाशी जावा, असं मला मनापासून वाटतं. पण ताईला काढलेला चिमटा आणि उंबऱ्यावरचं बसणं एका जातीचं नाही.

मुलांना हा फरक कळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या पन्नासएक वर्षांत तो पुन्हापुन्हा तपासला आहे. मुलाला विचारायचं, शाळेतल्या एखाद्या नेहमीच्या नियमाबद्दल बाईच म्हणाल्या की मोडला तरी चालेल, तर चालेल का? बहुतेक मुलं हो म्हणतात. मग विचारायचं, बाई म्हणाल्या की दुसऱ्याला मारलं तरी चालेल, तर? अगदी चार वर्षांचं मूलही तिथं अडतं. नाही चालणार, त्याला लागतं. मी भाचीला हेच डब्याबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, डबा खाताना बोललं तरी चालेल, तर? "मग बोलायचं," ती म्हणाली. आणि बाई म्हणाल्या, शेजारच्याचा डबा सांडला तरी चालेल? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू बाईंनाच काहीतरी झालंय. "तो उपाशी राहील ना, आत्या."

बाईंच्या परवानगीनंही जे बरोबर होऊ शकत नाही असं काहीतरी असतं, हे या वयात कळलेलं असतं. तान्ह्या बाळांनाही ते कळतं का, हा प्रश्न मी मोकळाच ठेवते. येल विद्यापीठात २००७ साली सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक खेळ दाखवला होता. टेकडी चढणाऱ्या एका आकृतीला दुसरी मदत करते, तिसरी खाली ढकलते. बाळं मदत करणारीला हात लावायची. त्याचा फार गाजावाजा झाला. पण अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हजाराहून जास्त बाळांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तशी पसंती दिसली नाही. दीड वर्षाच्या मुलांबद्दल मात्र मी जास्त ठामपणे बोलेन. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला आणि हात पोचत नसला, की न सांगता तो उचलून देणारं रांगतं-चालतं मूल मी कितीतरी घरांत पाहिलंय.

मग घर आणि गाव या समजेचं काय करतात? इथं मला भुवनेश्वरचा अभ्यास आठवतो. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर या संशोधकांनी १९८७ साली तो प्रसिद्ध केला. भुवनेश्वरच्या जुन्या देवळाभोवतालच्या वस्तीतली मुलं आणि मोठी माणसं एका बाजूला, शिकागोतली दुसऱ्या बाजूला, आणि दोघांसमोर त्याच एकोणचाळीस घटना. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांनी सगळ्यांत गंभीर अपराध कुठला ठरवला? वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, तो. शिकागोच्या मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुसरी एक घटना होती. बायको नवऱ्याला न सांगता एकटी सिनेमाला गेली, पुन्हा जाशील तर मारीन अशी त्यानं ताकीद दिली, ती पुन्हा गेली आणि त्यानं तिला काळंनिळं होईतो मारलं. भुवनेश्वरच्या त्या वस्तीत बहुतेकांना नवऱ्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

पहिली घटना वाचून मी त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवू शकते. आपल्याकडे सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही ते जमेल. वडिलांच्या आत्म्याला यातना होतील असं ज्या मुलाला खरोखर वाटतं, त्याच्या लेखी ते केस कापणं म्हणजे कोणाला तरी इजा करणंच आहे. ट्युरिएल यांच्या बाजूच्या लोकांनी हाच मुद्दा मांडला होता आणि तो मला पटतो. दुसऱ्या घटनेपाशी मात्र माझे पाय अडखळतात. तिथं इजा समोर दिसते आहे. अंगावर वळ आहेत. 'लागतं' हे चार वर्षांच्या मुलाला कळतं, तर मग कोणत्या वयात, कोणाच्या कुठल्या आवाजामुळे ते वळ दिसेनासे होतात?

मी एकदा हे घडताना पाहिलं आहे. नात्यातल्या एका घरी आम्ही गेलो होतो. चहा झाला. भाची तेव्हा चार वर्षांची असेल, तिला कोणाला काही नेऊन देण्याची भारी हौस. ती फुलाफुलांचा कप घेऊन भांडी घासणाऱ्या मावशींकडे निघाली. घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं, तो नको. त्यांचा तिकडे ओट्याखाली आहे." ती थांबली. "का?" आजी हसून, अगदी मायेनं म्हणाल्या, "त्यांना तोच आवडतो, बाळा." भाचीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान खाली घालून हातातलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. कोणी ओरडलं नाही, कोणी रागावलं नाही. दुपारी पुन्हा चहा झाला तेव्हा ही पोर आपणहून वाकली आणि ओट्याखालचा कप काढून तिनं पुढे केला. "बघा, किती शहाणी आहे," आजी म्हणाल्या.

तो कप न फुटताही मला त्या पंधरा कपांपेक्षा जड वाटतो. त्यात ओरडा नव्हता, नियम नव्हता, धर्म नव्हता, जातीचं नावसुद्धा नव्हतं. होतं एक हसू आणि एक शाबासकी. मी त्या रात्री भाचीला जवळ घेऊन विचारलं, मावशींना खरंच तो कप आवडत असेल का ग? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला कान नाहीये." कानाशिवायचा कप गरम लागतो हे तिला ठाऊक होतं. तिच्या आत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या, पोळणारा कप आणि शाबासकी. आमच्या घरी मावशी आमच्याबरोबर, आमच्याच कपातून चहा घेतात, हे तिला दिसत राहील एवढं माझ्या हातात होतं आणि आहे.

ज्याच्यावर अन्याय होतो त्या मुलालाही हे सगळं रीतच वाटू शकतं. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लहानपणचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९०१ साल, वय नऊच्या आसपास. साताऱ्याहून भाऊ-भाच्यांबरोबर नवे कपडे घालून वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवाला त्यांच्या शेजारी बसेना. मुलांनी गाडी हाकायची आणि तो पायी चालणार, असं ठरलं. जवळ जेवण होतं पण रात्रभर पाणी मिळालं नाही. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणं, शिपाई नसला तर तहानलेलं राहणं, हे सगळं त्याआधीही होतंच. पण ते असंच असतं, असं त्या मुलानं धरलं होतं. मसूरच्या रात्रीनं तो हादरला आणि पहिल्यांदा विचार करू लागला, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. आपल्यावरचा अन्याय नऊ वर्षांच्या इतक्या तल्लख मुलालाही रोजच्या सवयीखाली दिसला नव्हता. मग ओट्याखालच्या कपाच्या या बाजूला वाढणाऱ्या मुलांना तो आपोआप दिसेल असं आपण कशाच्या जोरावर मानतो?

त्या आजींचं 'त्यांना तोच आवडतो' हे खोटं होतं, आणि मुलीला ते कळलं होतं. खोट्याबद्दल आपण मुलांना केवढं बोलतो! मुलं तीनेक वर्षांची झाली की खोटं बोलायला लागतात. त्यासाठी समोरच्याच्या मनात काय आहे आणि माझ्या मनात काय, हे वेगळं कळावं लागतं, म्हणून ती वाढीची खूणच आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांत एक साधा खेळ केला. मुलाच्या पाठीमागं खेळणं ठेवायचं, मी बाहेर जाऊन येते, वळून बघू नकोस म्हणायचं. दोन्हीकडे बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. जिथं छडी, चापट, चिमटे रोजचे होते त्या शाळेत बघणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली, आणि पुढचे प्रश्न विचारल्यावरही ते खोटं कसबानं निभावून नेलं. जिथं मार नव्हता त्या शाळेत खोटं बोलणारी निम्म्याच्या आसपास होती. हा निष्कर्ष २०११ चा. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या सतराव्या कलमानं शाळेतल्या मारावर आणि मानसिक छळावर बंदी घातली. घराला मात्र ते कलम लागू नाही. घरात अजून "खरं सांग, मारणार नाही" म्हटलं जातं आणि खरं सांगितल्यावर धपाटा बसतो. असा धपाटा खाल्लेल्या मुलाला खरेपणाबद्दल पुढं कितीही गोष्टी सांगा.

गोष्टींचंही असंच आहे. कांग ली यांच्याच गटानं २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या. लांडगा आला रे आला, ही खोटेपणाची शिक्षा सांगणारी गोष्ट ऐकून मुलं जास्त खरं बोलू लागली नाहीत. झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. भाचीला लांडग्याची गोष्ट मीही सांगते, तिला लांडगा आवडतो. पण मेंढ्या खाल्ल्या गेल्या म्हणून ती दुसऱ्या दिवशी खरं बोलेल, अशी अपेक्षा धरत नाही.

वाटणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घराघरांत न्यायाची पहिली भांडणं आंब्याच्या फोडींवरून होतात. सात देशांतल्या चार ते पंधरा वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली आला, त्यात भारतही होता. मला कमी आणि तुला जास्त, अशी वाटणी मुलांनी सगळीकडे झिडकारली, त्यापायी दोघांनाही काही मिळालं नाही तरी. मला जास्त आणि तुला कमी, ही वाटणी नाकारणारी थोडी मोठी मुलं फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडात सापडली. हे वाचून आपली मुलं हावरट, असा अर्थ कोणी काढला तर मी भांडेन. त्या खेळात जास्तीचा वाटा नाकारला तर दोघांचंही जातं, समोरच्याच्या पदरात काही पडत नाही. आणि त्यात आपल्याला मिळालेलं दुसऱ्याला देऊन टाकायची सोय नव्हती. आमच्या घरांत मुलं न्याय करतात तो पुष्कळदा देऊन. ज्या कोयीला जास्त गर लागलेला असतो, ती धाकट्याला.

आणि ते त्यांना आम्हीच शिकवलं, असंही मी म्हणणार नाही. पियाजे खिशात गोट्या घेऊन मुलांत जाऊन बसत आणि विचारत, हे नियम कोणी केले? धाकटी मुलं सांगत, वडिलांनी, देवानं. दहा-बारा वर्षांची म्हणत, आम्हीच, सगळे कबूल असले तर बदलताही येतात. गंमत अशी की नियम देवानं केले म्हणणारी ते हवे तसे मोडत आणि आपणच केले म्हणणारी काटेकोर पाळत. आमच्या पार्किंगमध्ये मला हे रोज दिसतं. लपंडावात जो फार लहान, तो कच्चा लिंबू. तो लपतो, पळतो, ओरडतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. आईबापांनी भरवलेल्या कुठल्याही स्पर्धेत ही सोय नसते. सगळ्यांना सारखंच मोजलं तर लहानग्यावर सारखंच राज्य येईल आणि तो रडत घरी जाईल, हे मुलांनी कधीतरी ओळखलं आणि त्यावर तोड काढली. पिढ्यान् पिढ्या एक मूल दुसऱ्याला ती देत आलं आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यासारख्या बालशिक्षणतज्ज्ञांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवून मुलांवर भिस्त टाकली, ती मला अशा वेळी फार खरी वाटते.

परवा तिथं वाद पेटला होता. चार वर्षांचा एक जण हट्टाला पेटला, मला कच्चा लिंबू नको, मला पक्का करा. चौथीतला म्हणाला, मग राज्य आलं तर घ्यावं लागेल. तो लगेच म्हणाला, राज्य नको. "असं नसतं रे!" सगळे ओरडले. बरीच हुज्जत झाली. वीस पर्यंत त्याला मोजता येत नाही, हा मुद्दा निघाला. शेवटी ठरलं की तो पक्का, पण राज्य आलं तर त्याची ताई बरोबर उभी राहून आकडे म्हणेल, शोधायचं मात्र त्यानं एकट्यानं. सगळ्यांना पटलं. माझी भाची तेवढी कमरेवर हात ठेवून उभी होती. "मग मी लहान होते तेव्हा मला का नाही दिलं कोणी बरोबर?" चौथीतल्यानं जरा डोकं खाजवलं. "तेव्हा आम्हाला सुचलंच नव्हतं," तो म्हणाला, "आता इथून पुढं सगळ्या लहानांना द्यायचं." तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. पण आकडे सुरू झाले होते, तशी ती स्कूटरमागं पळाली.